जांभळा ठिपका

कोपरखैरणे, नवी मुंबई
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय मैत्रीण मित्रा हिस,

तुला सप्रेम जयभीम. तुझ्या आईला, बयाकाकूंना, आणि घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. तुझी तब्येत कशी आहे? माझ्या अंदाजाने तुला आता सातवा लागला असेल. कळमनुरीला थंडी बरीच असते असं तू सांगायचीस. पाय उघडे टाकून बसू नकोस. काकू लक्ष देतच असतील म्हणा.

पत्र बघून दचकली असशील. चार महिने फोन न उचलणारी बाई एकदम पानंच्या पानं लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पत्ता मी कंपनीच्या फायलीतून घेतलेला नाही. उलव्याला तुमच्या घरी जाऊन आकाशकडून मागून घेतला. त्याने चहा विचारला, मी नको म्हटलं. कशाला हवाय ते त्याने विचारलं नाही. फोनवर हे लिहायचं धाडस होत नाही गं. हल्ली फोनमधलं काहीच माझ्या एकटीचं वाटत नाही.

इकडचं सांगते. बाबांनी मार्केटातलं काम पूर्ण सोडलं. चाळीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या, आता कमरेला पट्टा बांधून गॅलरीत बसतात आणि खाली टेम्पो उभा राहिला की वरूनच ड्रायव्हरला शिकवतात, अशी नाही, गाडी आडवी लाव. आई त्यांच्यावर वैतागते. तिला बीपीची गोळी सुरू झालीय. मी दहा दिवस घरीच आहे. रजा नाही. ते पुढे येईलच.

आता बँडचं. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

गेल्या आठ मार्चला कंपनीत महिला दिनाचा केक कापून माझ्या साहेबांनी, चंद्रशेखर सरांनी, ते राखाडी रबरी बँड वाटले होते. पंचेचाळिशीच्या आतल्या सगळ्या बायकांना. रात्री मनगटाला बांधून झोपायचं, मग अंगाची उष्णता, नाडी, श्वास तो स्वतःच मोजतो, पाळी कधी येणार, दिवस राहायला कुठले चार दिवस चांगले, हे सांगतो. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. तू मात्र तो हातात घेऊन किती वेळ बघत होतीस. डॉक्टरांनी तुला रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरायला सांगितलं होतं, कॅलेंडरवर आकडे लिहायला लावले होते. थर्मामीटर तोंडात ठेवून तुला परत झोप लागायची. तू मला विचारलंस, "हे सगळं हा झोपेत करणार? मला काही करायचं नाही?" मी म्हटलं, काही नाही, फक्त इथे सही कर.

ती सही मी घेतली होती, मित्रा. चार पानं इंग्रजी. कंपनीच्या बसमध्ये, उलव्याच्या सिग्नलला, तुझ्या पर्सवर कागद ठेवून. मी ती पानं वाचली नव्हती. तू विचारलंस तेव्हा मीच म्हणाले, हजेरीच्या फॉर्मसारखंच आहे.

तुझा फोन जुना होता. बँडचं ॲप त्याच्यात चालायचं नाही. तशा जुन्या फोनवाल्या आपल्याकडे बाराजणी होत्या. म्हणून तुम्ही बँड सोमवारी आणि गुरुवारी माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये आणून ठेवायचात, मी ते चार्जिंगला लावायचे आणि आतलं सगळं ऑफिसच्या टॅबमध्ये उतरायचं. दुपारी जेवणानंतर तू यायचीस आणि हळूच विचारायचीस, "माझं काय म्हणतंय?" मी सांगायचे, उद्यापासून चार दिवस. तू लाजून हसायचीस. एवढी वर्षं बसमध्ये शेजारी बसलो, डबा वाटून खाल्ला, पण तेव्हा वाटायचं की तुझ्या संसारातली एक जागा तू मला दिलीयस.

दर सोमवारी बँडवाल्यांकडून एक तक्ता यायचा. आधी त्यात नुसत्या बेरजा होत्या, किती बायकांनी किती रात्री बँड घातला वगैरे. जूनपासून त्यात कर्मचारी क्रमांक यायला लागले. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, नावं कुठे आहेत, आकडेच आहेत ना. ओळखपत्रं मीच बनवते. मला सगळ्यांचे आकडे तोंडपाठ. तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे एक रंगीत ठिपका असायचा. हिरवा म्हणजे सगळं नियमित. पिवळा म्हणजे पाळी पुढे-मागे. आणि जांभळा म्हणजे अंगाची उष्णता अठरा दिवसांहून जास्त चढलेलीच राहिली आहे, दिवस गेले असण्याची शक्यता. मी तो तक्ता छापून सरांच्या टेबलावर ठेवायचे.

पहिला जांभळा ठिपका राजेश्वरीचा होता, स्कॅनिंगमधली ती उंच मुलगी. मी वेड्यासारखं तिला कँटीनमध्ये विचारलं, काय गं, गोड बातमी? तिचा चेहरा पांढरा पडला. तिने घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. मी थट्टा केली म्हणून सावरून नेलं. जुलैअखेर तिचा करार संपला आणि पुढचा झाला नाही. काम कमी झालंय, असं कारण दिलं होतं.

मग तुझा आला. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीनंतरचा सोमवार. सकाळी तक्ता उघडला आणि चारशे सतराच्या पुढे जांभळा. मी दोनदा बोट ठेवून ओळ बघितली. नेहमीप्रमाणे तक्ता छापून सरांच्या टेबलावर ठेवला. तुला सांगायला उठलेच होते, तेवढ्यात सरांनी आत बोलावलं. तक्ता त्यांच्यासमोर होता. ते म्हणाले, "चारशे सतरा म्हणजे डॉक्युमेंटेशनमधली मित्रा, तुमची मैत्रीण ना? मशीन चुकतं कधीकधी. तुम्हाला काय वाटतं?" मला इतका आनंद झाला होता की मी बोलून गेले, "सर, तीन वर्षं वाट बघतेय ती. खरंच असेल."

ते म्हणाले, तिला एवढ्यात सांगू नका, उगाच आशा लावायची आणि नंतर खोटं ठरलं तर वाईट वाटेल. मलाही ते पटलं. दुपारी तू आलीस. विचारलंस, माझं काय म्हणतंय. मी म्हटलं, काही नाही गं, बॅटरी उतरली होती. तू "बरं" म्हणालीस आणि तुझा रिकामा डबा घेऊन गेलीस.

एकोणतीस ऑगस्टला तुझ्या हातात ते पत्र पडलं. करार एकतीसला संपतोय, पुढे वाढवता येत नाही. सहा वर्षांत तुझी एक नोंद चुकली नव्हती. तू माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, सरांना विचार ना, माझं काय चुकलं. मी विचारते म्हटलं. विचारलं नाही.

थोडा वेळ थांबले होते. आईने हाक मारली, दळण आणायचं होतं. आणून आले. वरचं सगळं पुन्हा वाचलं.

आनंदाने बोलून गेले असं मी वर लिहिलंय. ते खरं नाही. खोडणार होते, पण राहू दे. पाच महिने मी स्वतःलाही हेच सांगत आलेय.

खरं असं आहे की राजेश्वरीचं पत्र मीच टाइप केलं होतं. सरांनी मला बोलावून तक्त्यातल्या तिच्या ठिपक्यावर पेनाने गोल केला आणि म्हणाले, हिचा करार बघा कधी संपतोय. तेव्हाच मला कळलं होतं. त्यामुळे त्या सोमवारी त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हा ते का विचारतायत हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या टेबलावर, तक्त्याच्या शेजारी, मला कायम करायची फाइल होती. सही व्हायची बाकी होती. ते फाइलीवर नुसता हात ठेवून बसले होते. मला "माहीत नाही सर" म्हणता आलं असतं. मशीनचा अंदाज म्हणजे अंदाजच, त्यावर ते कदाचित थांबले असते. मी त्यांना खात्री दिली. आणि ती देताना माझ्या मनात काय आलं तेही लिहिते, म्हणजे काही शिल्लक राहायला नको. माझ्या मनात आलं, हिला आकाश आहे, त्याची नोकरी आहे, आता मूलही होईल. मला काय आहे?

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मी कायम झाले.

दहा दिवसांनी तुझा फोन आला. तू रडत होतीस, मला आधी वाटलं काही वाईट झालं. तू म्हणालीस, "तेजू, दोन रेघा आल्या. आकाश अजून घरी नाही आला, आधी तुलाच सांगतेय." मी म्हटलं, "काय सांगतेस!" मित्रा, तो आवाज माझ्या तोंडातून कसा निघाला ते मला अजून समजत नाही. इतका खरा वाटत होता. मग तू म्हणालीस, बरं झालं नोकरी गेली, त्या बसच्या हादऱ्यांत मला धडकीच भरली असती, जे होतं ते बऱ्यासाठीच. त्यानंतर तुझा फोन उचलणं मला जमलं नाही.

एवढं होऊनही मी हे पत्र लिहिलं नसतं. मी चांगली झाले म्हणून लिहितेय असं समजू नकोस. डिसेंबरमध्ये जे झालं त्याने मी हादरले.

पॅकिंगमधल्या मालतीबाई तुला आठवतात? उरणकडच्या, बोंबलाची चटणी आणायच्या त्या. वय त्रेचाळीस. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, दिराच्या घरात एका खोलीत राहतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी त्यांच्या आकड्यापुढे जांभळा ठिपका आला. मला हसूच आलं. मशीन बिघडलं असं वाटलं. सरांना तसं सांगायला हवं होतं. पण मी आता त्या खोलीत बोलायचंच सोडलं होतं. तक्ता ठेवला आणि बाहेर आले. महिनाअखेर मालतीबाईंना पत्र मिळालं.

पंधरा डिसेंबरला दुपारी त्या गेटवर आल्या. वॉचमन आत सोडेना. मी बाहेर गेले, त्यांना समोरच्या टपरीच्या बाकावर बसवलं. त्या नीट बसूही शकत नव्हत्या, खोकला थांबत नव्हता. त्यांनी सांगितलं की कामाच्या शेवटच्या आठवड्यात बसमध्ये कुणीतरी मागून म्हणालं, मालतीबाई, पेढे कधी? सगळे हसले. त्यांना अर्थ लागला नाही. मग ते गावात पोचलं. दिराने जेवणाचं ताट बंद केलं. जावेने पाण्याचा माठ वेगळा केला. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. मला म्हणाल्या, "बाय, माज्या नावावर तुमी काय लिवलंय, ता मना वाचून दाव."

मी त्यांचा हात धरला. चटका बसला, मित्रा. हात भाजत होता. विचारलं तर म्हणाल्या, दिवाळीच्या आधीपासून असंच हाय, सांजच्याला ताप भरतो, रात्री घामाने पातळ ओलं होतं. ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेला दिसत होता.

तिथेच बाकावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बँडने बरोबरच मोजलं होतं. दर रात्री, चढलेली उष्णता, वाढलेली नाडी. ती बाई महिना-दीड महिना तापाने फणफणत होती. सोमवार-गुरुवार मीच तिचा बँड चार्जिंगला लावत होते, आकडे माझ्याच टॅबमध्ये पडत होते, आणि आम्ही तिला डॉक्टरकडे जा म्हणायच्या ऐवजी तिला मूल होणार म्हणून कामावरून काढलं.

मी तशीच त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी. बराच पसरलाय, पण औषधाने बरा होईल असं डॉक्टर म्हणाल्या. आता त्या दिवाळे गावात बहिणीकडे आहेत. गोळ्या सुरू होऊन महिना होत आला. परवा गेले होते तेव्हा ताप उतरला होता, अर्धी भाकरी खाल्ली म्हणाल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. तक्ता वाचून दाखवला. त्या बहिणीला म्हणाल्या, हिला पानी दे.

आठ जानेवारीला मी सरांच्या खोलीत गेले. पहिल्यांदा दार लावून घेतलं. राजेश्वरी, तू, मालतीबाई, तिघींची नावं घेतली. ते अजिबात चिडले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "तेजश्री, कंपनीने कुणालाही गरोदर म्हणून काढलेलं नाही. तुमच्या मैत्रिणीला तेव्हा स्वतःलाच माहीत नव्हतं. मग आम्हाला कसं माहीत असेल?"

मला वाटायचं की ठिपका दिसला की काढून टाकायचं, एवढाच त्यांचा हिशेब. नाही गं. ते सगळं विचार करून केलेलं होतं. बाईला कळायच्या आत तिला काढायचं, म्हणजे पुढे ती काही म्हणूच शकत नाही.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं सर. मी सांगितलं होतं." ते म्हणाले, असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही, आणि तुम्हालाही आठवायला नको. संध्याकाळी माझं ओळखपत्र काढून घेतलं. पुढचा निरोप येईपर्यंत घरी राहा म्हणून सांगितलं. पण जूनपासूनचे सगळे सोमवारचे तक्ते मी नाताळाच्या आधीच छापून घरी आणले होते. बाबांच्या उशाखाली ठेवलेत. त्यांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, आधी त्या पोरीला कळव, मग बाकीचं.

बेलापूरला कामगारांच्या केस बघणाऱ्या एक वकीलबाई आहेत. त्यांनी तक्ते बघितले. म्हणाल्या, गरोदर बाईला त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, कायदा स्पष्ट आहे. पण कंपनी म्हणेल की ठिपक्याचा अर्थ आम्हाला कळत नव्हता, किंवा आमचा त्यावर विश्वास नव्हता. साहेबांना पक्कं माहीत होतं असं शपथेवर सांगणारं कुणीतरी लागेल. मी म्हटलं, ते मी सांगेन. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जरा वेळाने परत उचललं.

माझा जबाब लिहून झालाय. तुला लिहिलं तेच त्यात आहे, फाइलीसकट. मालतीबाईंनी सही केली. राजेश्वरीला फोन केला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी वकीलबाईंचा पत्ता मागितला. तक्रार या महिन्याच्या अखेरीला जाईल.

तुझं नाव त्यात घातलेलं नाही. माझ्या जबाबात तुझ्या जागी फक्त "एक कर्मचारी" असं लिहून घेतलंय. वकीलबाई म्हणाल्या, ही केस सगळ्यात पक्की आहे, नाव हवं. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. तुझं नाव एकदा मी न विचारता घेतलंय. तुला वाटलं तर त्यांचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे, त्यांनाच फोन कर. माझ्याशी बोलावं लागणार नाही, तसं त्यांना सांगून ठेवलंय. तुला यात पडायचं नसेल, या दिवसांत कोर्टकचेऱ्या नको वाटत असतील, तरी तक्रार थांबणार नाही. आकाशला मी काही बोललेले नाही. त्याला सांगायचं की नाही, हे तुझं तू बघ.

तुझा तो बँड अजून तुझ्याकडे असेल तर घालू नकोस. आता तो माझ्या ट्रेमध्ये येत नसला तरी नको.

तुझ्या बाळाची बातमी तुझ्या आधी मला कळली, आणि ती मी तुला सोडून दुसऱ्याला दिली. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही, म्हणून मागत नाही. तू या पत्राला उत्तर दिलं नाहीस तर मी समजून घेईन. सुखरूप बाळंत हो. मुलगा की मुलगी, ते मला कुणाकडूनही कळवू नकोस. तुला स्वतःला कधी सांगावंसं वाटलं, तरच सांग.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
तेजश्री